न झालेला सामना

म्कुंडी, न्चेऊ जिल्हा
२ मार्च १९९७

प्रिय फालेसीस,

प्रभूमध्ये सलाम. तू बरी असशील, शिलाईचं काम जोरात असेल आणि ब्लँटायरच्या उकाड्याची सवय झाली असेल, असं धरून चालते. इकडे सगळं ठीक. मका भरात आला आहे, आणि भाजलेली कणसं खाऊन खाऊन शाळेतल्या सगळ्या पोरांची तोंडं काळी झाली आहेत. बाबांचे गुडघे दुखतात, पण चर्चच्या वडीलमंडळाची बैठक असली की ते आपोआप बरे होतात. तुझी आई परवा भोपळ्याची पानं घेऊन आली होती. तिचा खोकला गेला.

नऊ वर्षांत एक ओळ लिहिली नाही आणि आज अचानक पत्र, म्हणजे काहीतरी काम असणार, हे तू ओळखलंच असशील. काम आहेच.

मी आपल्या चर्चच्या मंडळीत मुलींसाठी नेटबॉल सुरू केला आहे. हसू नकोस. झालं असं की नाताळनंतर शाळा उघडली तेव्हा आठवीच्या वर्गातल्या अकरा मुली आल्याच नाहीत. रविवारी चर्चमध्ये बघावं तर म्हाताऱ्या आणि तान्ही बाळं. मधल्या वयाच्या पोरी गेल्या कुठे? तर डांबरी रस्त्यावर बसला बटाटे विकायला, आणि ट्रकवाल्यांशी खिदळायला. त्यांच्यात तियामिके म्हणून एक आहे, आपल्या दोघींना एकावर एक उभं केलं तर जेवढी होईल तेवढी उंच. तिला विचारलं, "काय गं, चर्चला का येत नाहीस?" तर म्हणते, "बाई, तिथे येऊन काय करू? काय करायचं नाही तेवढंच तिथे सांगतात. ते मला पाठ आहे."

म्हणून पुढच्या बुधवारी तीन वाजता मी चेंडू घेऊन गेले.

कड्या लोहाराने जुन्या पिंपाच्या पट्टीतून वाकवून दिल्या, खांब नीलगिरीचे. मैदान चर्चच्या मागे. नाचता येईना अंगण वाकडं, असं आमच्या मुलींना कुणी म्हणू शकत नाही, कारण आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे. चेंडू सुटला की थेट वडीलमंडळातल्या वडील गोम्बेरांच्या घेवड्याच्या शेतात. सात जणींचा एक संघ, आणि त्या सातच जणींचा एक प्रार्थनागट. मधल्या सुट्टीत एकीने एक वचन सांगायचं आणि आठवड्यात घरी काय झालं ते सांगायचं. पहिले दोन बुधवार नुसतं खीखी. तिसऱ्या बुधवारी तियामिके म्हणाली, "माझा बाप परदेशी, जोनीच्या सोन्याच्या खाणीत गेला त्याला चार वर्षं झाली. पत्र नाही. मी रोज प्रार्थना करते, पण त्याचा चेहरा मला आठवत नाही. मग देवाला कसं कळणार मी कुणाबद्दल बोलते?" कुणी हसलं नाही. एकीने तिचा हात धरला, आणि दुसरा अर्धा डाव आम्ही खेळलोच नाही.

आता बावीस मुली आहेत. त्यांतल्या चौदा रविवारी येतात, पुढच्या चटईवर बसतात आणि सगळ्यांत मोठ्याने गातात.

वडीलमंडळाने सप्टेंबरपर्यंत मुभा दिली आहे. तेव्हा ठरेल, हे मंडळीचं काम म्हणून राहणार की बंद होणार. बैठकीत जुन्या गोष्टी निघाल्या. तुझीही आठवण निघाली. सगळेच तुझी आठवण काढतात.

तर काम असं. मुलींच्या छाती-पाठीवर बांधायला, कोण कुठल्या जागेवर खेळते ते दाखवणाऱ्या अक्षरांची कापडं हवी आहेत, सात. तुझ्यासारखी शिलाई इकडे कुणाची नाही. आणि एक विचारायचं होतं. उडी न मारता, नुसत्या टाचा उचलून तू चेंडू कडीत टाकायचीस, ते कसं? मी करून दाखवते तर पोरी म्हणतात, "बाई, तुम्ही चेंडू टाकताय की पाहुण्याला निरोप देताय?"

बटाट्याच्या ट्रकवाल्याबरोबर हे पाठवते.

तुझी,
एनेलेसी


म्कुंडी
२२ जून १९९७

प्रिय फालेसीस,

प्रभूमध्ये सलाम. थंडी मी म्हणते आहे. चार दिवस नुसतं धुकं आणि भुरभुर, शेजारचं घर दिसत नाही.

तुझं गाठोडं मिळालं. सात मागितली होती, चौदा कापडं निघाली, सात लाल आणि सात पिवळी. अक्षरं अशी शिवली आहेस की ओढून बघितली तरी हलत नाहीत. आत चिठ्ठी नव्हती. मी गाठोडं दोनदा झटकून पाहिलं.

असो. आम्ही जिंकलो गं! चौदा तारखेला शनिवारी मिशनच्या मोठ्या मंडळीच्या संघाशी सामना होता. त्यांच्या पोरींच्या पायांत बूट, आमच्या अनवाणी. एकवीस विरुद्ध सतरा! तियामिकेने एकटीने पंधरा टाकले. त्यांच्या पाळकीणबाईंनी आम्हाला मक्याचा गोड थोब्वा पाजला, आणि शेवटी दोन्ही संघांनी गोल करून प्रार्थना केली तेव्हा बूटवाल्या पोरी आमच्या पोरींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मला वाटलं, याचसाठी केला होता हा सगळा उपद्व्याप.

आता पुढचं लिहायला हात उचलत नाही, पण आईकडून ऐकलं असशीलच.

परत येताना कोबीच्या ट्रकमध्ये मागे उभ्या राहून मुली गात होत्या. कसं गात होत्या! तियामिके टपावर चढून लुलुलु करत ललकाऱ्या देत होती, आणि खरं सांगते, सगळ्यांत मोठा आवाज माझा होता. गावाच्या वळणावर ड्रायव्हर आतून पत्रा बडवायला लागला. आम्हाला वाटलं, ताल धरतोय. आम्ही आणखी जोरात. रस्त्यावर झाडाच्या फांद्या टाकलेल्या होत्या, फालेसी. गावात मयत आहे, आवाज बंद करा, हे सांगणाऱ्या फांद्या. त्यांच्यावरून आमचा ट्रक नाचत-गात गेला, आणि थेट गावप्रमुख आजीच्या अंगणासमोर येऊन थांबला. दुपारी तिचा पाठचा भाऊ गेला होता.

सगळा गाव जमिनीवर बसलेला. सगळ्यांनी एकदम मान वर करून आमच्याकडे पाहिलं. आमच्या गाण्याचं अर्धं कडवं तोंडातच राहिलं.

तुला काय सांगायचं? घरात प्रेत असताना आपल्याकडे कुणी कुदळसुद्धा उचलत नाही. आम्ही तर मयताच्या दारात विजयाच्या ललकाऱ्या दिल्या. दंड ठरला एक बकरा, तीन कोंबड्या, आणि चेंडू जप्त. वडील गोम्बेरा तिथेच सगळ्यांसमोर मला म्हणाले, "झालं समाधान? म्हटलं होतं मी. पोरींच्या हातात चेंडू दिला की लाज जाते. या मंडळीने हे एकदा पाहिलंय." बाबा बाजूला उभे होते. मी पोरींना घेऊन मागे वळले.

घरी येऊन मी दार लावून बसले. सगळं संपलं असं धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी उजाडताच दारावर थाप. तियामिके, आणि तिच्यामागे तेरा जणी. खेळाच्या कपड्यांवर कमरेला चितेन्जेची कापडं गुंडाळलेली, डोक्यावर बादल्या.

"बाई, चला. पाणी भरायचंय."

"अगं, हाकलून देतील आपल्याला."

"हाकललं तर हाकललं. आपला आवाज सगळ्यांनी ऐकला ना? आता आपण गप्प बसून राबतो तेही बघू देत."

तीन दिवस, फालेसी. ओढ्यापासून वर अंगणापर्यंतचा तो चढ तुला माहीत आहे. पाणी, लाकडं, मका कांडणं, शेदीडशे माणसांच्या मक्याच्या पिठाच्या न्सिमाची भांडी घासणं. पहिल्या दिवशी बायकांनी आम्हाला चुलीजवळ येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी उलथनं हातात दिलं. तिसऱ्या दिवशी माती देऊन झाल्यावर गावप्रमुख आजीने बोलावलं. आम्ही सगळ्या गुडघ्यांवर.

"तुम्हाला कुणी पाठवलं? पाळकांनी?"

"नाही, आजी."

"मग वडीलमंडळाने?"

मी तोंड उघडायच्या आत तियामिके म्हणाली, "वडीलमंडळ बसलं होतं, आजी. त्यांना उठायला वेळ नव्हता."

मला वाटलं, आता आणखी एक बकरा. पण म्हातारीने चितेन्जेचा पदर तोंडावर धरला. तिचे खांदे हलत होते. रडते आहे असं वाटलं, तर बाई हसत होती! मग डोळे पुसून म्हणाली, "बकरा राहू दे. कोंबड्या मात्र द्या, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी मऊ पडली. आणि चेंडू घेऊन जा. माझ्या दोन नाती आहेत, नुसत्या खातात आणि झोपतात. त्यांनाही घ्या."

तीनपैकी एक कोंबडी माझी होती, अंडी देणारी. दिली.

आता मुली चाळीस झाल्या आहेत. पण सप्टेंबर जवळ येतो आहे आणि वडील गोम्बेरा प्रत्येक बैठकीत तेच जुनं उदाहरण देतात. मी खाली बघून ऐकते.

थंडीला जप.

तुझी,
एनेलेसी


म्कुंडी
रविवार, १४ सप्टेंबर १९९७

फालेसी,

प्रभूमध्ये सलाम. आज बाकीच्यांची खुशाली नंतर.

तुझं एका ओळीचं पत्र जुलैत मिळालं. "ते जुनं उदाहरण म्हणजे मीच ना?"

हो. तूच. "सगळे तुझी आठवण काढतात" असं मी लिहिलं होतं. कशी काढतात ते लिहिलं नव्हतं. कुणाची मुलगी चेंडू घेऊन पळाली की म्हणतात, दुसरी फालेसी होणार. खेळासाठी उपासनेचा रविवार मोडला, मंडळीने भाकरी-द्राक्षरसाच्या प्रभुभोजनापासून दूर ठेवलं, तर क्षमा मागायचं सोडून गाव सोडून गेली. नऊ वर्षं हेच चाललं आहे, आणि या नऊ वर्षांत मी प्रत्येक वेळी तिथे हजर होते.

तुला यातलं अर्धं माहीत आहे. तंबाखूच्या मळ्याच्या संघातून आपण दोघी शनिवारी खेळायला गेलो. लॉरी पहिल्या खेपेत मला आणि आणखी काही जणींना घेऊन परतली आणि मग बिघडली, म्हणून तू सोमवारपर्यंत तिकडेच अडकलीस. रविवारी तू मळ्यातल्या लोकांबरोबर तंबाखूच्या कोठारात उपासनेला बसलीस. वडीलमंडळापुढे तू हे सगळं सांगितलंस, आणि म्हणालीस, "एनेलेसीला विचारा, रविवारी सामना नव्हताच." मला विचारलं. मी म्हणाले, "मी शनिवारीच परत आले. मला माहीत नाही." तू माझ्याकडे पाहिलंस. तेवढं तुला माहीत आहे, आणि तेवढ्यासाठीच तू माझ्याशी बोलायचं सोडलंस, असं मला वाटतं.

उरलेलं अर्धं असं. रविवारी सकाळी चर्चला निघताना बाबांनी विचारलं, "फालेसी दिसत नाही?" मी म्हणाले, "आज दुसरा सामना आहे. ती त्याला थांबली."

दुसरा सामना नव्हता. मला पक्कं माहीत होतं. चुगली चर्चमध्ये शिकवणाऱ्या त्या म्हाताऱ्या काकांनी केली असं तू आजवर समजत आलीस. बिचारे मरेपर्यंत तुझ्या आईच्या शिव्या खात राहिले. ती मी होते.

का? मला संघात घेऊन तीन वर्षं झाली होती. तू कानामागून आलीस आणि तिखट झालीस. त्या शनिवारी तू चौतीसपैकी एकतीस टाकलेस, आणि मी छातीवर अक्षर बांधून कडेला बसून राहिले, एक मिनिटसुद्धा आत न जाता. एवढंच कारण. यापेक्षा मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला फार वेळा वाटलं आहे. ते एक वाक्य बोलताना तुझं काय होईल हे मला कळलं नव्हतं. कळलं तेव्हा मात्र मी तोंड उघडलं नाही. तो दोष त्या वाक्यापेक्षा मोठा आहे.

परवा शुक्रवारी बैठक झाली. वडील गोम्बेरा उभे राहिले आणि अर्धा तास बोलले. मुलींनी मयताच्या घरी काम केलं ते चांगलं, चाळीस मुली चर्चला येतात तेही चांगलं, पण शेवटी खेळ रविवार खातो, आणि पुरावा म्हणजे फालेसी. पाळक म्सिस्का म्हणाले, "आणखी कुणाला बोलायचंय?" मी पाहिलं, आणखी कुणी बोलणार नव्हतं. हात वर झाले असते आणि काम बंद झालं असतं. तियामिकेला मी काय सांगणार होते, तेच डोक्यात आलं. मी उठले.

"त्या रविवारी सामना नव्हता," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?" वडील गोम्बेरा म्हणाले. "तेव्हा तर माहीत नाही म्हणालीस. नोंदवहीत लिहिलेलं आहे."

"नोंदवहीत खोटं आहे. मीच सांगितलेलं. बाबांनासुद्धा मीच सांगितलं होतं."

मग सगळं सांगितलं, तुला वर लिहिलं तसंच, एकतीस गोलांसकट. माझा आवाज हलला नाही, याचं मलाच नवल वाटलं. बाबा गुडघ्यांवर जोर देऊन उठले. म्हणाले, "ही बातमी या मंडळात मी आणली. घरात ऐकली आणि इथे आणून ठेवली. पडताळून पाहिली नाही. माझी मुलगी खोटं बोलत नाही, असं मी गावभर सांगायचो. तिच्याबरोबर माझंही नाव लिहा."

वडील गोम्बेरांनी चष्मा काढला आणि म्हणाले, "म्हणजे नऊ वर्षं मी कुणाचं उदाहरण देतोय?" मला त्या माणसाची पहिल्यांदा दया आली.

तीन गोष्टी ठरल्या. तुझ्यावरचा ठपका नोंदवहीतून खोडला. मुलींचा खेळ हे मंडळीचं कायमचं काम म्हणून मान्य झालं, एकही हात विरोधात नाही. आणि मला सहा महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. बाबांना लेखी समज.

आज सकाळी हे सगळं उपासनेत वाचून दाखवलं. तू असायला हवी होतीस. त्रेचाळीस मुली, त्यांतल्या चौदा तुझ्या लाल-पिवळ्या कापडांत, पुढे बसलेल्या. तुझी आई नेहमीप्रमाणे दाराजवळ. तुझं नाव वाचल्यावर वडील गोम्बेरा आपली जागा सोडून चालत मागे गेले, सगळ्यांदेखत तुझ्या आईपुढे गुडघे टेकले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "आमच्याकडून तुमच्या मुलीवर अन्याय झाला." तुझी आई म्हणाली, "ते ठीक आहे. पण जरा मोठ्याने म्हणा. पुढच्यांना ऐकू गेलं नसेल." त्यांनी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. तेव्हा ती उठली आणि तिने जी ललकारी दिली! तो खोकला कुठे गेला कोण जाणे. मुलींनी ती उचलली, मग सगळ्या बायकांनी, मग तियामिकेने गाणं धरलं आणि पाळकांचा उपदेश दहा मिनिटं मागे पडला. पाळकही टाळ्या वाजवत होते. मीही रडत होते आणि नाचत होते, शेवटच्या रांगेत, एकटी. नऊ वर्षांत इतकं हलकं मला वाटलं नव्हतं.

बाहेर पडताना तुझ्या आईने एकेका मुलीचा हात हातात घेतला. माझ्याजवळून ती तशीच गेली. तिचं बरोबर आहे.

आता मुद्द्याचं. हे काम चालवणारी बाई प्रभुभोजनाला बसणारी हवी, असा नियम आहे. म्हणजे मी नाही. शुक्रवारीच पाळकांनी विचारलं होतं, "मग मुलींचं कोण बघणार?" उत्तर वडील गोम्बेरांनी दिलं, "जिला आपण बाहेर काढलं तिलाच विचारा. आणि विचारणारं पत्र एनेलेसीच लिहील." म्हणून मी मंडळीच्या वतीने विचारते आहे. ये. वर्षभरासाठी ये, सहा महिन्यांसाठी ये, नुसती एका बुधवारी येऊन टाचा कशा उचलायच्या ते दाखवून परत जा. मी मैदानात येणार नाही. तुला माझं तोंड बघायचं नसेल तर बुधवारी तीन वाजता मी गावाबाहेर जाईन, हे लिहून देते.

तू नाही आलीस तरी खेळ थांबणार नाही. आजच्या नंतर तो कुणाच्याने थांबत नाही. म्हणून उपकार म्हणून येऊ नकोस. तुझी जागा आहे म्हणून ये.

हे सगळं तुला आधी सांगायला हवं होतं आणि मंडळीला नंतर. पण मी उलटं केलं. त्यांच्यापुढे उभं राहणं सोपं होतं. तुझी क्षमा मागते. ती देण्या-न देण्याचा हक्क तुझा आहे, वडीलमंडळाचा नाही. तो रविवारचा सामना कधी झालाच नव्हता, हे आता त्रेचाळीस मुलींना, आख्ख्या गावाला आणि माझ्या बापाला माहीत आहे. तुला लिहायचं तेवढं उरलं होतं.

तुझी अपराधी, आणि आज म्कुंडीतली सगळ्यांत आनंदी बाई,
एनेलेसी